अपलोड फोल्डरची मालकी नेमकी कोणाकडे असावी? (७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, हे सोडून बोला)

खटपट्या (धागाकर्ता)

उबुंटू २४.०४, एनजिनएक्स (वेबसर्व्हर), पीएचपी-एफपीएम ८.३ (पीएचपी चालवणारी सर्व्हिस). दिवाळी अंकासाठी लेख आणि छायाचित्रं मागवणारं छोटं अ‍ॅप आहे, फ्रेमवर्क नाही. कोड 'डिप्लॉय' हा युजर गिटमधून ओढतो. एफपीएम आणि एनजिनएक्स दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणून चालतात. वेबरूट /एसआरव्ही/अंक/पब्लिक, अपलोड /एसआरव्ही/अंक/अपलोड्स मध्ये, म्हणजे वेबरूटच्या बाहेर.

आत्ताची मांडणी अशी. 'अंक' नावाचा ग्रुप, त्यात डिप्लॉय आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा दोघेही. अपलोड्सचा ओनर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, ग्रुप अंक, मोड २७७० (सेटजीआयडी लावलेला, म्हणजे आतल्या नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळावा). एफपीएमच्या सर्व्हिसला यूमास्क (नव्या फाइलच्या मोडमधून वजा होणारे हक्क) ०००७.

आत येणारी प्रत्येक फाइल अंक ग्रुपची आणि ६६० (मालक व ग्रुपला वाचता-लिहिता येईल, इतरांना काही नाही) असायला हवी. थंबनेल तशी बनतात. मूळ फोटोंचा मोड ६६० आहे, पण ग्रुप मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. बॅकअप डिप्लॉय म्हणून चालतो. तो थंबनेल उचलतो आणि मूळ फोटोंवर 'परमिशन डिनाइड' म्हणून बसतो. फोल्डर तेच, प्रोसेस तीच, मग पंक्तिप्रपंच कशाला?

आणि मुळातला प्रश्न: अशा फोल्डरचा मालक डिप्लॉय असावा की वेबसर्व्हर?

उंटावरचा_शहाणा

७७७ करा. (हलके घ्या.)

सोलकढी

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा टंकता टंकता बोटं झिजतील. या धाग्यापुरतं त्याला डेटाराव म्हणावं असा ठराव मांडते.

रूट_कॅनॉल

ठराव मंजूर.

खटपट्या, पंक्तिप्रपंच पीएचपी करत नाहीये, कर्नल करतोय, आणि नियमानेच करतोय. सेटजीआयडीचा नियम फाइल *जन्मते* तेव्हा लागतो. त्या फोल्डरमध्ये नवी फाइल तयार झाली तर फोल्डरचा ग्रुप मिळतो. दुसरीकडे जन्मलेली फाइल रिनेम होऊन आत आली तर आयनोड (फाइलची डिस्कवरची मूळ नोंद) तोच राहतो आणि जुना ग्रुप सोबत येतो.

अपलोडचा प्रवास बघा. ब्राउझरकडून आलेली फाइल पीएचपी आधी /टीएमपी मध्ये लिहितं. तिथे ती डेटाराव:डेटाराव, मोड ६०० अशी जन्मते. मग तुमचा कोड मूव्ह_अपलोडेड_फाइल बोलावतो. ते फंक्शन आधी रिनेम करून बघतं आणि जमलं तर ६६६ मधून यूमास्क वजा करून मोड लावतं. म्हणून मोड ६६० बरोबर दिसतो. ग्रुपला मात्र ते हात लावत नाही. थंबनेल तुम्ही इमेजजेपेग वगैरेने थेट अपलोड्समध्ये लिहिता, ते तिथेच जन्मतं, म्हणून त्याला अंक ग्रुप.

गंमत म्हणजे /टीएमपी वेगळ्या पार्टिशनवर किंवा टीएमपीएफएसवर असती तर रिनेम फसलं असतं, पीएचपीने कॉपी केली असती आणि कॉपी ही नवी फाइल असल्यामुळे सगळं 'आपोआप' चाललं असतं. त्यामुळे हीच मांडणी एका सर्व्हरवर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही.

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली. हे शेलमध्येही बघता येतं: एमव्ही केलं तर जुना ग्रुप, सीपी केलं तर नवा. फक्त सीपी -ए वापरू नका, तो जुनी मालकी जपायचा प्रयत्न करतो.

पेठेतला_पेंग्विन

रूट_कॅनॉल यांचं निदान बरोबर. उपाय तीन आहेत.

पहिला: एफपीएमच्या पूल फाइलमध्ये ग्रुप = अंक करा. मग वर्करचा मुख्य ग्रुपच अंक होतो, /टीएमपी मधली फाइलही अंक ग्रुपची जन्मते आणि रिनेमनंतर तशीच राहते. एका ओळीचं काम.

दुसरा: अपलोड_टीएमपी_डीआयआर वेगळं द्या, उदाहरणार्थ /एसआरव्ही/अंक/टीएमपी, आणि त्यालाच सेटजीआयडी व अंक ग्रुप द्या. फाइल जन्मतानाच अंकची. शिवाय एकाच फाइलसिस्टिमवर असल्याने मोठ्या फायली कॉपी न होता क्षणात हलतात. ओपन_बेसडीआयआर लावलं असेल तर हे फोल्डर त्या यादीत घालायला विसरू नका. टीएमपीचं फोल्डरच नसेल तर पीएचपी एरर क्रमांक ६ देतं, तिथे लिहिता येत नसेल तर ७.

तिसरा: हलवल्यावर कोडमधूनच सीएचजीआरपी करा. रूट नसताना फाइलचा मालक तिचा ग्रुप बदलू शकतो, पण ज्या ग्रुपचा तो स्वतः सदस्य आहे त्याच ग्रुपला. डेटाराव अंकमध्ये आहेत, त्यामुळे चालेल. पण प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावं लागणारा उपाय मला पसंत नाही.

दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून सीएचओन -आर चालवणे हा चौथा उपाय, आणि तो सर्वत्र दिसतो. त्याबद्दल न बोललेलं बरं.

नागपुरी_संत्रं

एवढी खटपट कशाला? एसीएल (एकेका युजरला वेगळे हक्क देणारी यादी) लावा नं भाऊ. एकदाच:

सेटएफएसीएल -आर -एम यू:डिप्लॉय:आरएक्स,डी:यू:डिप्लॉय:आरएक्स /एसआरव्ही/अंक/अपलोड्स

त्यातला एक्स कॅपिटल ठेवा, म्हणजे फोल्डरला एक्झिक्यूट मिळतो, साध्या फायलींना नाही. 'डी:' वाला भाग म्हणजे डीफॉल्ट एसीएल, पुढे येणाऱ्या फायलींना तो लागतो. ग्रुप-बिप काही नको.

(कमांड देवनागरीत आहेत, तशाच चिकटवू नका. शेलला मराठी कळत नाही.)

रूट_कॅनॉल

संत्रंभाऊ, खटपट्या यांच्या केसमध्ये याने फरक पडणार नाही. डीफॉल्ट एसीएलसुद्धा जन्माच्या वेळीच मिळतो. रिनेम होऊन आलेल्या फाइलला ना ग्रुप मिळतो ना एसीएल. दुखणं तेच.

नागपुरी_संत्रं

मान्य. मग टीएमपीच्या फोल्डरलाच डीफॉल्ट एसीएल द्या.

रूट_कॅनॉल

चालेल, पण मास्क (एसीएलमधल्या हक्कांची कमाल मर्यादा) सांभाळा. एसीएल असलेल्या फाइलवर एलएस मध्ये दिसणारे मधले तीन बिट ग्रुपचे नसतात, मास्कचे असतात. पीएचपी ती फाइल ६०० ने जन्माला घालतं, म्हणजे मास्क रिकामा. गेटएफएसीएल केलं की डिप्लॉयच्या ओळीपुढे 'इफेक्टिव्ह: ---' दिसेल. मग मूव्ह_अपलोडेड_फाइल मोड ६६० करतं तेव्हा मास्क परत आरडब्ल्यू होतो आणि हक्क जागे होतात. यूमास्क ००७७ असता तर मोड ६०० राहिला असता आणि एसीएल कागदावर असूनही डिप्लॉयला काहीच मिळालं नसतं.

एसीएल वाईट नाही. पण परमिशनच्या पुढचं ते अधिक चिन्ह पुष्कळांना दिसत नाही, आणि नंतर कोणी निरागसपणे सीएचमॉड जी-आर केलं की मास्क उडतो.

टर्मिनल_ताई

सगळे यंत्रणेत रमलेत, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. खटपट्या, डिप्लॉयला अपलोड्समध्ये *लिहायचं* कशासाठी आहे?

कागदावर तीन कॉलम मांडा: कोण लिहितो, कोण वाचतो, कोणाला काहीच नको.

अपलोड्समध्ये लिहितो फक्त पीएचपी. वाचतात एनजिनएक्स आणि बॅकअप. बाकी जगाला तिथे काम नाही. कोडचं बरोब्बर उलट: लिहितो डिप्लॉय, वाचतात पीएचपी आणि एनजिनएक्स.

हे मांडलं की मालकी आपोआप ठरते. फोल्डरचा मालक तो, जो लिहितो. ग्रुप तो, जो फक्त वाचतो. म्हणून अपलोड्सना २७७० नको, २७५० हवं, फायली ६४०, यूमास्क ००२७. कोडचा मालक डिप्लॉय, ग्रुप अंक, फोल्डर ७५०, फायली ६४०. कोडच्या एकाही फाइलवर पीएचपीला लिहिण्याचा हक्क नको.

फोल्डरवरचा डब्ल्यू म्हणजे काय ते बरेचदा विसरलं जातं. तो बिट असणारा माणूस आतली दुसऱ्याची फाइलही पुसू शकतो, फाइल ४४४ असली तरी. पुसणं हा फोल्डरचा बदल आहे, फाइलचा नाही. त्यामुळे २७७० म्हणजे डिप्लॉयच्या एका चुकलेल्या स्क्रिप्टला सगळे फोटो उडवण्याचा परवाना.

कधी हाताने काही पुसायचं असेल तर सुडो -यू करून त्या युजरच्या नावाने पुसा.

गाडीखालचा

इतकं लागतं का खरंच? लहान साइटला सीएचओन -आर डेटाराव:डेटाराव सगळ्या फोल्डरवर मारतात आणि वर्षानुवर्षं चालतं. वर कोडच्या फायली ४४४ करून टाकल्या की झालं.

टर्मिनल_ताई

चालतं, यात वाद नाही. पण त्या ४४४ ला अर्थ नाही. फाइलचा मालक स्वतःच्या फाइलचा मोड कधीही बदलू शकतो, त्याला डब्ल्यू लागत नाही. अपलोडमधून एखादी पीएचपी फाइल घुसली आणि चालली, तर ती डेटाराव म्हणून चालते. कोड डेटारावांच्या मालकीचा असेल तर ती आधी सीएचमॉड करेल, मग इंडेक्स फाइलमध्ये स्वतःची ओळ घालेल. कोड डिप्लॉयच्या मालकीचा असेल तर तिची धाव अपलोड्सपुरतीच.

बे_एरियातली_जोशीबाई

ताईंना +१. याच कारणाने एक पाऊल पुढे जा: पीएचपीसाठी वेगळा युजर करा, समजा 'अंकअ‍ॅप'. डेटाराव फक्त एनजिनएक्सचे राहू देत. सर्व्हरवर दुसरी साइट आली की एकीचा पीएचपी दुसरीच्या अपलोडला हात लावू शकत नाही.

पूल फाइलमध्ये युजर = अंकअ‍ॅप, ग्रुप = अंक. पण लिसन.ओनर आणि लिसन.ग्रुप डेटारावच ठेवा, लिसन.मोड ०६६०. हे सगळं एकदम बदललं की एनजिनएक्सला सॉकेट उघडता येत नाही आणि साइटवर ५०२ येतो. एरर लॉगमध्ये '१३: परमिशन डिनाइड' आणि सॉकेटचा पत्ता दिसतो. लोक अपलोड फोल्डर तपासत बसतात.

अजून दोन गोष्टी. उबुंटूवर सेशनचं फोल्डर /व्हार/लिब/पीएचपी/सेशन्स १७३३ असतं, त्यामुळे नवा युजर नवीन सेशन लिहू शकतो. पण जुन्या सेशन फायली डेटारावांच्या, त्या नव्या युजरला वाचता येत नाहीत. लॉग-इन असलेले सगळे बाहेर पडतील, रात्री करा. दुसरं, डेटारावांना अंक ग्रुपमध्ये घातल्यावर एनजिनएक्स रीस्टार्ट करा. चालू प्रोसेसला नवा ग्रुप कळत नाही. खात्री करायची तर /प्रॉक/पीआयडी/स्टेटस मधली 'ग्रुप्स' ओळ बघा, आयडी कमांडवर विसंबू नका. ती फाइलमधली नोंद सांगते, धावत्या प्रोसेसची नाही.

आणि युजरमॉड -एजी लिहिताना 'ए' सोडू नका. तो गाळला तर आधीचे सगळे ग्रुप जातात. स्वतःच्या लॉग-इनवर केलं तर सुडोही जातो.

उंटावरचा_शहाणा

शेवटच्या वाक्यामागे बरेच अश्रू असावेत.

मालवणी_खाजा

ह्यात नेमकं अडलंय कुठे ते शोधायची पद्धतही लिहून ठेवूया. अर्धे लोक शेवटच्या फोल्डरचाच मोड बघत बसतात. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स लागतो. नेमआय -एल आणि पूर्ण पत्ता द्या. रूटपासून प्रत्येक पायरीचा मालक व मोड एकाखाली एक दिसतो.

यातलं नेहमीचं: उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० बनतं, आधी ७५५ असे. जुन्या लेखावरून साइट होममध्ये ठेवली की एनजिनएक्स ४०३ देतो, मग लोक साइटच्या फोल्डरला ७७७ लावतात आणि तरीही ४०३ तसाच. अडलेलं असतं दोन पायऱ्या वर. होमला मोकळं करण्यापेक्षा साइट /एसआरव्ही मध्ये हलवा, धागाकर्त्यांनी केलंय तसं.

दुसरं, एररचा आकडा वाचा. १३ म्हणजे परमिशन डिनाइड: मोड, ग्रुप, एसीएल किंवा एसईलिनक्स (लेबलांवर चालणारं जादा कुंपण). १ म्हणजे ऑपरेशन नॉट परमिटेड: बहुधा दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड करताय, किंवा कोणी सीएचएटीटीआर +आय लावून फाइल गोठवलीय (एलएसएटीटीआरने दिसतं). ३० म्हणजे रीड-ओन्ली फाइलसिस्टिम. हा आला आणि डिस्क धडधाकट असेल तर सिस्टिमडीच्या युनिटमध्ये प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट आहे का बघा; तिथे रीडराइटपाथ्स मध्ये अपलोड्सचा पत्ता घालावा लागतो, सीएचमॉड करून काही होत नाही. २८ म्हणजे जागा संपली. डीएफ मध्ये जागा दिसत असेल तर डीएफ -आय करा, आयनोड संपले असतील. थंबनेलचे ढीग असले की होतं.

सुडो -यू अंकअ‍ॅप टच करून बघणं ही चांगली चाचणी, पण ती सिस्टिमडीच्या कुंपणाबाहेर चालते. तिथे जमलं म्हणजे सर्व्हिसलाही जमेल असं नाही.

चष्मिष्ट

रेड हॅट घराण्यातल्यांसाठी (अल्मा, रॉकी वगैरे): मोड, मालक, ग्रुप सगळं बरोबर आणि तरीही १३, तर एलएस -झेड करा. अपलोडच्या फोल्डरचं लेबल एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी हवं. नुसतं एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी असेल तर वाचता येतं, लिहिता येत नाही. लेबल एसईमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए ने नोंदवा, पत्त्याच्या शेवटी (/.*)? हा पॅटर्न द्या आणि मग रिस्टोरकॉन -आरव्ही चालवा. सीएचकॉनने लावलेलं लेबल पुढच्या रिस्टोरकॉनला पुसलं जातं. एसईलिनक्सने अडवलंय की नाही ते एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट मध्ये कळतं. आणि हो, एमव्ही लेबलही जुनंच ठेवतो. होममधून हलवलेला फोटो युजर_होम_टी घेऊनच येतो.

याच घराण्यात आणखी एक खोड. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमधला युजर बदलला आणि /व्हार/लिब/एनजिनएक्स हे फोल्डर जुन्याच युजरचं, इतरांना बंद असं राहिलं, की छोटे फॉर्म जातात आणि फोटो जात नाहीत. कारण ६४ बिट मशिनवर १६ केबीपर्यंतची रिक्वेस्ट मेमरीत मावते, त्याहून मोठी डिस्कवर उतरवायला त्याच फोल्डरच्या पोटात जावं लागतं. ५०० येतो.

सोलकढी

'छोटं जातं, मोठं जात नाही' याचा जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) अवतारही आहे. तिथे २.५ एमबीपर्यंतची फाइल मेमरीत राहते आणि थेट जागेवर लिहिली जाते, यूमास्कप्रमाणे ६४४ वगैरे. त्याहून मोठी आधी टेम्प फाइल होते, ६०० ने, आणि मग हलवली जाते. जँगो ३.० पासून फाइल_अपलोड_परमिशन्सचं डीफॉल्ट ०ओ६४४ आहे, त्याआधी काहीच नव्हतं. त्यामुळे जुन्या जँगोवर मोबाइलचे छोटे फोटो दिसत आणि कॅमेऱ्याचे ४०३. या धाग्यातल्या मांडणीसाठी ०ओ६४० द्यावं लागेल. फोल्डरसाठीचं सेटिंग वेगळं आहे, ते अजूनही रिकामंच असतं.

गाडीखालचा

वर्डप्रेसवाल्यांनी काय करायचं?

पेठेतला_पेंग्विन

वर्डप्रेस फाइल हलवल्यावर वरच्या फोल्डरचा मोड बघून तिचा मोड ठरवतो. फोल्डर ७५५ तर फाइल ६४४, फोल्डर ७५० तर ६४०. वर्ष-महिन्याची नवी फोल्डरंही वरच्याचा मोड घेतात. म्हणून अपलोड्सचा मोड एकदा नीट लावला की पुढचं तो बघतो. कोणी त्या फोल्डरला ७७७ केलं, की पुढची प्रत्येक फाइल ६६६.

प्लगइन टाकताना एफटीपीचा पासवर्ड मागतो, तो वेगळा मुद्दा. तिथे तो कोडच्या फाइलचा मालक आणि स्वतः तयार केलेल्या चाचणी फाइलचा मालक जुळतात का ते बघतो. नाही जुळले तर एफटीपी. तो प्रश्न बंद व्हावा म्हणून सगळा कोड डेटारावांच्या नावावर करू नका. अपडेट डब्ल्यूपी-सीएलआयने कोडच्या मालकाच्या नावाने चालवा.

शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी बहुधा तुमच्याच युजरने चालतं, तिथे ७५५ आणि ६४४ पुरतं. एसयूएक्झेक (अपाचेमध्ये स्क्रिप्ट त्या-त्या युजरच्या नावाने चालवणारा भाग) असेल तर ७७७ लावल्याने स्क्रिप्ट चालणंच बंद होतं: ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमधली स्क्रिप्ट तो नाकारतो आणि ५०० देतो.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे माझ्या सल्ल्याचा निदान एका ठिकाणी ताबडतोब निकाल लागतो.

बे_एरियातली_जोशीबाई

डॉकरबद्दल कोणी बोललं नाही. बाइंड माउंटवर (कंटेनरला जोडलेल्या होस्टच्या फोल्डरवर) नावं चालत नाहीत, आकडे चालतात. डेबियन-उबुंटूवर डेटारावांचा यूआयडी ३३. अधिकृत पीएचपी इमेजच्या डेबियन आवृत्तीत ३३च, अल्पाइन आवृत्तीत ८२. अधिकृत एनजिनएक्स इमेजमध्ये एनजिनएक्स युजर १०१. पीएचपी अल्पाइनवर नेलं की होस्टवर 'एलएस' मध्ये मालकाच्या जागी नुसता ८२ दिसायला लागतो आणि जुन्या फायलींवर लिहिता येत नाही. होस्टवर अंकअ‍ॅपला ठरलेला आकडा द्या आणि कंटेनरला तोच यूआयडी:जीआयडी द्या. शिवाय -व्ही ने दिलेलं होस्टवरचं फोल्डर अस्तित्वात नसेल तर डॉकर ते रूटच्या नावाने बनवतो. आधीच बनवून, मालकी लावून ठेवा.

मालवणी_खाजा

एनएफएसलाही (नेटवर्कवरून वापरायच्या फाइलसिस्टिमला) हेच लागू, आकडेच जुळवावे लागतात. वर रूट_स्क्वॉशमुळे क्लायंटवरच्या रूटचा 'नोबडी' होतो, त्यामुळे सुडो सीएचओन केलं तरी नकार. आणि साध्या एयूटीएच_सिस मध्ये एका युजरचे १६ पर्यंतच ग्रुप सर्व्हरकडे जातात. सतराव्या ग्रुपवर भिस्त असेल तर शोधत बसाल.

नागपुरी_संत्रं

अवांतर, पण मराठी साइटला हटकून लागणारं. 'फाइल लिहिता येत नाही' असा एरर दिसला की परमिशनकडेच धाव घेऊ नका. ईएक्सटी४ वर फाइलच्या नावाला मर्यादा २५५ *बाइट* आहे, अक्षरं नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळी स्वतंत्र चिन्हं. 'छायाचित्रे' हे ३० बाइट झाले. नाव ८५ चिन्हांच्या पुढे गेलं की संपलं. कवितेची पहिली ओळ फाइलला नाव म्हणून देणारे कवी आपल्याकडे मुबलक. एरर ३६ येतो.

दुसरी भानगड 'ऱ' ची. 'किनाऱ्यावर' मधला ऱ एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता म्हणूनही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं सुटी करून ठेवते, म्हणजे दुसरा प्रकार. लिनक्स बाइट जुळवतो. डेटाबेसमध्ये एक प्रकार, डिस्कवर दुसरा, दोन्ही डोळ्यांना सारखेच, आणि फोटो ४०४.

टर्मिनल_ताई

म्हणूनच डिस्कवर मूळ नाव ठेवूच नये. रँडम १६ बाइट घेऊन हेक्समध्ये नाव द्यावं, एक्सटेन्शन आपण ठरवावं, मूळ नाव डेटाबेसमध्ये. ब्राउझरने पाठवलेल्या टाइपवर विश्वास नको, पीएचपीच्या फाइनफोने आतला मजकूर तपासा. एसव्हीजी घेऊ नका, त्यात स्क्रिप्ट बसते.

खटपट्या, अंकासाठी आलेलं साहित्य छापून येईपर्यंत खासगीच आहे. तेव्हा अपलोड्सना थेट यूआरएल नकोच. पीएचपीने लॉग-इन तपासून एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट हेडर द्यावं आणि एनजिनएक्सने इंटरनल लोकेशनमधून फाइल द्यावी. सोबत नोस्निफ हेडर, म्हणजे ब्राउझर स्वतःहून टाइपचा अंदाज बांधत नाही. त्या लोकेशनला ^~ लावा, म्हणजे पीएचपीचं रेजेक्स लोकेशन तिथे लागूच होत नाही.

एलियास लिहिताना दोन्हीकडे शेवटी स्लॅश हवा. लोकेशन /फोटो आणि एलियास /एसआरव्ही/अंक/अपलोड्स/ असं अर्धवट लिहिलं, की /फोटो../ ने माणूस एक पायरी वर, थेट /एसआरव्ही/अंक मध्ये पोचतो. इंटरनल असेल तर बाहेरून नाही पोचणार, पण सवय चांगली ठेवावी.

गाडीखालचा

अपलोडचं पार्टिशन नोएक्झेक (तिथून प्रोग्राम चालवायला बंदी) माउंट केलं तर पीएचपी फाइल आली तरी चालणार नाही ना?

रूट_कॅनॉल

चालेल. पीएचपी ती फाइल *वाचतो*, कर्नलकडून एक्झिक्यूट करून घेत नाही. त्याच कारणाने फाइलवर एक्स नसला तरी फरक पडत नाही. नोएक्झेक बायनरींसाठी लावा, पण पीएचपी रोखायचं काम एनजिनएक्सच्या कॉन्फिगचं.

खटपट्या

सर्वांचे आभार. ताई आणि जोशीबाईंच्या मांडणीवर आलो: पूल अंकअ‍ॅप:अंक, यूमास्क ००२७, अपलोड्स २७५०, कोड डिप्लॉय:अंक. नव्या मूळ फोटोंचा ग्रुप आता अंक येतोय आणि थंबनेलचाही, दोन्ही ६४०. बॅकअप न कुरकुरता वाचतो.

दोन शंका. जुन्या फायली कशा सरळ करू? आणि बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर आरसिंकने जातो. तिथून परत आणताना मालकी टिकेल का?

पेठेतला_पेंग्विन

जुन्यांसाठी, याच क्रमाने: आधी सीएचओन -आर अंकअ‍ॅप:अंक फक्त अपलोड्सवर. मग फाइंड … -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७५० {} + आणि फाइंड … -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६४० {} +. सरसकट सीएचमॉड -आर २७५० करू नका, प्रत्येक फोटोला एक्झिक्यूट आणि सेटजीआयडी बसेल.

फोल्डरचा सेटजीआयडी कधी काढायचा झाला तर जीएनयूचा सीएचमॉड ७५० लिहून तो जात नाही, फोल्डरवर तो बिट राखला जातो. जी-एस द्या किंवा ००७५० असे पाच आकडे.

मालवणी_खाजा

आरसिंक -ए ने मालकी पाठवली जाते खरी, पण पलीकडे रूट म्हणून लिहिणारा नसेल तर सगळ्या फायली बॅकअपच्या युजरच्या नावावर पडतात. पलीकडे रूट द्यायचा नसेल तर तिकडच्या बाजूला --फेक-सुपर वापरा. मालक, ग्रुप, मोड एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये साठतात आणि परत आणतानाही तोच पर्याय तिकडे दिला की जागेवर येतात. एसीएल असतील तर कॅपिटल -ए वेगळा द्यावा लागतो, छोट्या -ए मध्ये ते नसतात.

नव्या मशिनवर अंकअ‍ॅपचा यूआयडी वेगळा निघाला तरी आरसिंक मुळात नावाने जुळवतो. --न्यूमेरिक-आयडीज दिलं तर मात्र आकडे जसेच्या तसे येतात. कंटेनरसाठी तेच हवं असतं, साध्या सर्व्हरला नको. तो युजर आणि ग्रुप आधी तयार करून मगच रिस्टोअर चालवा, नाहीतर नाव न सापडल्याने आकड्यावरच जाईल.

रिस्टोअर झाल्यावर उरलेसुरले शोधायला: फाइंड /एसआरव्ही/अंक/अपलोड्स \( ! -युजर अंकअ‍ॅप -ओ ! -ग्रुप अंक \) -एलएस. काही न छापता परत आला तर साइट उघडायला हरकत नाही.